गाठ आणि कळ

मी कवितेतला माणूस. विज्ञानाचा आणि माझा संबंध शाळेतच संपला. तरीही आज कॅन्सरच्या वेदनेबद्दल चार शब्द सांगणार आहे, कारण आपल्या मराठीत दुखण्यासाठी शब्दांची वानवा नाही. ठणका, कळ, चमक, आग, ठसठस, सल. हे शब्द कवितेला लागतात तसेच डॉक्टरांनाही लागतात, हे मला घरातल्या एका आजारपणात कळलं.

गाठ वाढते, शेजारच्या मज्जातंतूवर दाब येतो आणि म्हणून दुखतं, अशी आपली समजूत असते. म्हणजे मज्जातंतू हा बिचारा टपालवाला. दुःखाची वार्ता मेंदूकडे पोचवणारा. ही समजूत खोटी नाही, पण अर्धी आहे.

उरलेल्या अर्ध्याची सुरुवात रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी या इटालियन बाईंपासून होते. त्या ज्यू होत्या. १९३८च्या वंशभेदी कायद्यांनी त्यांना विद्यापीठातून बाहेर काढलं, तेव्हा त्यांनी आपल्या झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांवर काम चालू ठेवलं. युद्धानंतर त्या अमेरिकेत गेल्या. तिथे उंदराच्या गाठीचा तुकडा अंड्यातल्या पिलाच्या गर्भावर लावला, की गर्भाचे मज्जातंतू त्या गाठीत झुंडीने शिरताना त्यांना दिसले. गाठ त्यांना जणू हाक मारत होती. त्या हाकेमागे गाठीतून पाझरणारं एक रसायन होतं. मज्जातंतूंना वाढवणाऱ्या या घटकाच्या शोधासाठी त्यांना आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६ साली नोबेल मिळालं.

आज आपल्याला माहीत आहे, की अनेक कॅन्सरच्या गाठी हेच रसायन सोडतात. त्याने वेदनेचे तंतू फुटतात, पसरतात आणि हळवे होतात. इतके, की नुसता पदर लागला तरी कळ उठावी. दुसरीकडे कॅन्सरच्या पेशी त्याच तंतूंचा पायवाटेसारखा उपयोग करून पुढे सरकतात. तोंडाच्या, स्वादुपिंडाच्या, प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये हे विशेष दिसतं. म्हणूनच तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर काढलेला भाग तपासताना रोग मज्जातंतूत शिरलाय का, हे मुद्दाम पाहतात. पुढचे उपचार ठरवताना त्याचा विचार होतो.

आणखी एक गोष्ट २०२२ साली समोर आली. आपल्या शरीरात टी पेशी नावाचे पहारेकरी असतात. ते कॅन्सरच्या पेशी हेरून मारतात. कॅनडातल्या सेबास्तियन टॅल्बो यांच्या गटाने उंदरांमधल्या त्वचेच्या कॅन्सरवर काम करताना पाहिलं, की वेदनेचे तंतू सीजीआरपी नावाचं रसायन सोडतात आणि त्याने हे पहारेकरी थकून जातात. ते तंतू काढून टाकले, तेव्हा गाठी सावकाश वाढल्या. या रसायनाला अडवणारी औषधं अर्धशिशीसाठी आधीच वापरात आहेत. मात्र कॅन्सरवर माणसांमध्ये त्यांचा उपयोग अजून सिद्ध झालेला नाही, हे विसरू नये.

थोडक्यात, टपालवाला कधी कधी चोराला वाटही दाखवतो आणि पहारेकऱ्याला झोपही आणतो.

माझी फुफी, म्हणजे आत्या, आयुष्यभर मशेरी लावायची. तिच्या गालात व्रण झाला. महिनोन्महिने तो दुखला नाही, म्हणून तिने कुणाला दाखवला नाही. पुढे वेदना सुरू झाल्या, तेव्हाही डॉक्टरांनी विचारलं की म्हणायची, ‘अल्लाचा शुक्र आहे, बरं आहे.’ सब्र तिच्या रक्तातच होता. पण रात्री माझ्या अम्मीला सांगायची, ‘भाभी, गालात आग लागलीये. कानापर्यंत वीज जाते. वारा लागला तरी सोसत नाही.’ अम्मीने ते शब्द जसेच्या तसे डॉक्टरांच्या कानावर घातले. त्यांनी लगेच औषधं बदलली. फुफी वाचली नाही, पण शेवटचे महिने तिला झोप लागली.

आग, वीज, वाऱ्याचाही त्रास, या मज्जातंतूंच्या वेदनेच्या खुणा असतात. तिला नेहमीच्या गोळ्या पुरत नाहीत. मज्जातंतूंना शांत करणारी वेगळी औषधं लागतात. मॉर्फिनचं नाव काढलं की घरची माणसं दचकतात. पण कॅन्सरच्या तीव्र वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच त्याची शिफारस केली आहे, आणि ते रुग्णालयांना सुलभपणे मिळावं म्हणून आपल्याकडे २०१४ साली कायदाही बदलला.

तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. तोंडातला व्रण किंवा पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर दुखायची वाट पाहू नका. सुरुवातीला तो बहुधा दुखतच नाही. आणि दुखत असेल, तर डॉक्टरांना नुसतं ‘दुखतंय’ म्हणू नका. कुठे, केव्हा, कशाने वाढतं, आग की ठणका, ते सांगा. सब्र मोठा गुण आहे, पण दवाखान्याच्या दाराशी चपलांबरोबर तो बाहेर ठेवावा.