संगणकाचा वेग आणि मोजमापाचा विवेक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त वेळणेश्वर येथे भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्या ट्रस्टच्या पन्नासाव्या वर्षात मला येथे बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. अशा प्रसंगी धर्म, दान, सेवा या विषयांवर बोलणारे अधिकारी वक्ते आपणांस पुष्कळ लाभतात. मी संगणकशास्त्र शिकविणारा एक शिक्षक. म्हणून माझ्या रोजच्या शिकविण्यातलाच एक विषय घेऊन आलो आहे. अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात त्याला 'कॉम्प्युटर आर्किटेक्चर', म्हणजे संगणकाची रचना, असे म्हणतात. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यात तो संगणक शाखेच्या दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या सत्रात होता.

ज्या वेळणेश्वरात आपण जमलो आहोत, तेथे पूर्वी लोक येत ते श्रीदेव वेळणेश्वराच्या दर्शनाला आणि समुद्रकिनाऱ्यासाठी. २०१२ पासून येथे विद्या प्रसारक मंडळ, ठाणे या संस्थेचे महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे. गुहागर तालुक्यातील मुलामुलींना अभियंता होण्यासाठी आता घरदार सोडून मुंबई-पुण्याला जावेच लागते असे नाही. शिक्षण दाराशी आले. ते पचविण्याचे बळ मुलांना कसे मिळेल, हा पुढचा प्रश्न आहे आणि माझे आजचे बोलणे त्याकडेच जाणार आहे.

पालक मला नेहमी विचारतात, "सर, प्रोग्राम लिहिता आला की नोकरी मिळते. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता प्रोग्रामही लिहून देते. मग यंत्राच्या पोटात काय चालते हे मुलांनी कशाला घोकायचे?" प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल या विषयातील तीन गोष्टी मी आपणांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट वेगाची. संगणक घेताना दुकानदार सांगतो, हा तीन गिगाहर्ट्झचा आहे. म्हणजे त्याच्या घड्याळाचे एका सेकंदाला तीन अब्ज ठोके पडतात. परंतु काम किती वेळात होईल हे केवळ ठोक्यांवर ठरत नाही. त्यासाठी तीन आकडे लागतात : कामात एकूण आज्ञा किती, एका आज्ञेला सरासरी ठोके किती आणि एका ठोक्याला वेळ किती. या तिघांचा गुणाकार म्हणजे लागलेला वेळ. समजा, सहा अब्ज आज्ञांचे काम आहे. तीन गिगाहर्ट्झच्या यंत्राला प्रत्येक आज्ञेस सरासरी दोन ठोके लागतात, तर त्याला ४ सेकंद लागतील. दोन गिगाहर्ट्झच्या यंत्राला प्रत्येक आज्ञेस एकच ठोका लागत असेल, तर तेच काम तो ३ सेकंदांत करील. पेटीवरचा आकडा मोठा आणि काम मात्र मागे! आपण व्यापारी माणसे. नुसता भाव पाहून कोणी नफा ठरवीत नाही; नग, भाव आणि खर्च असा सगळा हिशेब मांडतो. या विषयाचा पहिला धडा हाच आहे.

दुसरी गोष्ट स्मृतीची, म्हणजे मेमरीची. येथे मला आपल्या आचार्यांचे स्मरण होते. आचार्य वीरसेनांनी नवव्या शतकात षट्खंडागमावर 'धवला' ही टीका रचली. तीत 'अर्धच्छेद' ही संज्ञा येते. एखादी संख्या जितक्या वेळा निम्मी करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. ३२ चे अर्धच्छेद ५. आजचे गणित यालाच दोन या पायाचा लॉगरिथम म्हणते. अनुयोगद्वार सूत्रातही मनुष्यांची संख्या सांगताना ९६ वेळा निम्मी करता येईल अशी संख्या सांगितली आहे. ती लिहायला २९ अंक लागतात. ताडपत्रांवर शतकानुशतके जपलेली 'धवला' डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केली आणि तिचा पहिला खंड १९३९ मध्ये आपल्याच अमरावतीहून प्रसिद्ध झाला, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल.

याचा संगणकाशी संबंध काय? संगणकाच्या स्मृतीत असंख्य कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याला शून्य व एक यांनी लिहिलेला पत्ता असतो. पत्त्याला किती अंक लागतील? कप्प्यांच्या संख्येचे जितके अर्धच्छेद तितके. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये 'टिफ्रॅक' हा संगणक पूर्ण झाला. भारतात घडविलेल्या आरंभीच्या संगणकांपैकी तो एक. त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत. म्हणजे पत्त्याला ११ अंक पुरेत. स्मृती दुप्पट केली की पत्त्यात केवळ एकच अंक वाढतो. आपल्या पूर्वजांनी संगणक शोधला होता, असे मी म्हणणार नाही. ते सत्यव्रताला धरून होणार नाही. परंतु प्रचंड संख्या हाताळण्यासाठी ती किती वेळा निम्मी होते हे पाहावे, ही दृष्टी त्यांच्यापाशी होती. ज्या मुलाने पाठशाळेत अर्धच्छेद ऐकला, त्याला वर्गातील हे प्रकरण परके वाटू नये.

स्मृतीचाच दुसरा भाग दुकानाच्या उदाहरणाने सांगतो. रोजचा खपणारा माल आपण हाताशी फळीवर ठेवतो आणि बाकीचा गोदामात. प्रोसेसरजवळ अशीच एक लहान, वेगवान स्मृती असते; तिला 'कॅश' म्हणतात. समजा, फळीवर पाहायला १ क्षण लागतो आणि वस्तू तेथे नसली तर गोदामाच्या खेपेला आणखी १०० क्षण. शंभरांतील ९५ गिऱ्हाइकांना माल फळीवरच मिळाला, तर सरासरी ६ क्षण पडतात. ९९ जणांना मिळाला, तर २ क्षण. फरक केवळ चार गिऱ्हाइकांचा. पण वेग तिप्पट. दुकान मोठे केले नाही, नोकर वाढविले नाहीत. काय कोठे ठेवावे, एवढाच विवेक केला.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९६७ मध्ये जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन अभियंत्याने एक नियम मांडला. तो मी हापूसच्या भाषेत सांगतो. समजा, बागेतून वाशीच्या बाजारात माल पोचेपर्यंत एकूण २० तास लागतात. त्यांतील ८ तास प्रतवारी करून पेट्या भरण्यात आणि १२ तास वाहतुकीत जातात. पेट्या भरण्याचे काम आपण दुप्पट वेगाने केले, तर ४ तास वाचतील; २० चे १६ होतील. पेट्या क्षणार्धात भरल्या गेल्या, तरीही १२ तास उरतातच. जो भाग आपण सुधारला नाही, तोच अखेर साऱ्या कामाचा वेग ठरवितो.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक घडविला, तेव्हा अनेक प्रोसेसर एकाच वेळी कामाला लावण्याचा मार्ग धरला होता. आपल्या देशाला त्याचा सार्थ अभिमान आहे. पण अशा यंत्रालाही हाच नियम लागू असतो. ६४ प्रोसेसर कामाला लावले आणि कामाचा दहावा हिस्सा एकट्यानेच करण्याजोगा असला, तर वेग चौसष्ट पट होत नाही. पावणेनऊ पटींच्या आसपास अडतो. म्हणून या विषयातील शहाणपण असे : आधी मोजा, वेळ खरोखर कोठे जातो ते शोधा आणि मग तेथेच हात घाला.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येतो. कृत्रिम बुद्धिमत्ता प्रोग्राम लिहून देईल. परंतु तो संथ का चालतो, वीज कोठे वाया जाते, यंत्र बदलावे की मांडणी, हे पारखायला यंत्राचे अंतरंग जाणणारा माणूस लागतो. प्रोग्राम लिहिणे जितके सोपे होईल, तितकी या पारखीची किंमत वाढेल असे मला वाटते.

शेवटी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात खेड्यातून आलेला एक विद्यार्थी होता. तो याच विषयात दोनदा नापास झाला. एका दानशूर गृहस्थांनी त्याची फी भरली होती. पुढे त्याला नवा लॅपटॉपही घेऊन दिला. तरी तो नापासच झाला. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, माझ्या डोक्यातच हे शिरत नाही." मी त्याला म्हटले, "डोक्याचे नंतर पाहू. दोन आठवडे तुझा अभ्यासाचा वेळ कोठे जातो तेवढे लिहून आण."

त्याने प्रामाणिकपणे टाचण केले. रोज तो अडीच तास अभ्यासाला बसत होता. त्यांतील दीड तास पाठ्यपुस्तकातील इंग्रजी वाक्यांचा अर्थ लावण्यात जाई. अर्धा तास उदाहरणे सोडविण्यात आणि उरलेला अर्धा तास संगणकावर. नव्या लॅपटॉपने त्याचा फार तर पाव तास वाचला होता. आम्ही वर्गातील एका हुशार मुलीला विनंती केली. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती त्याला पुढचे प्रकरण मराठीतून समजावून देऊ लागली. दीड तासाचा पाऊण तास झाला आणि वाचलेला वेळ उदाहरणांना मिळाला. पुढच्या परीक्षेत तो उत्तीर्ण झाला. गुण बेताचेच होते. पण 'डोक्यात शिरत नाही' हे वाक्य मी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकले नाही.

त्या दात्यांचे दान कमी प्रतीचे होते असे मी मुळीच म्हणत नाही. फी भरली नसती, तर तो मुलगा वर्गातच नसता. परंतु लॅपटॉप देण्यापूर्वी कोणी त्याला विचारले नाही, की बाळा, तुझे अडते कोठे? मी त्याचा शिक्षक. मीही दोन वर्षे विचारले नव्हते. ती चूक माझीही आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे. शिष्यवृत्त्या चालू राहोत, गुणवंतांचे सत्कारही होवोत. पण नवी योजना जाहीर करण्यापूर्वी आपल्या मदतीवर शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीकडून दोन आठवड्यांचे असे टाचण मागवावे. कोणाचे एस.टी.च्या प्रवासात अडत असेल, कोणाचे इंग्रजीत, कोणाचे घरात शांत जागा नसण्यात. जेथे अडते तेथे दिलेला एक रुपया, इतरत्र दिलेल्या दहा रुपयांपेक्षा अधिक काम करील. समाजातील जे अभियंते मुंबई-पुण्यात स्थिरावले आहेत, त्यांनी आठवड्यातून एक तास दूरध्वनीवरून मराठीत एखादे प्रकरण समजावून दिले, तर तेही ज्ञानदानच होय.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही एवढेच सांगतो. स्वतःला मंद म्हणण्यापूर्वी स्वतःचा वेळ मोजा. आपण प्रतिक्रमणात दिवसाचा हिशेब घेतोच. त्याच प्रामाणिकपणे अभ्यासाचाही घ्या.