शिकण्याची वेळ कामाच्या वेळेतच हवी



या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे अंधेरीत मनःपूर्वक स्वागत करतो. कुणी बोरिवली-दहिसरहून लोकलने आले, कुणी मुलुंड-भांडुपहून घाटकोपरला उतरून मेट्रोने आले. अनेकांनी आजची पाळी बदलून घेतली आहे. कामगाराचे शिक्षण या विषयासाठी आपण एवढी धावपळ केलीत, याचा यजमान म्हणून मला फार आनंद आहे.

या विषयावर बोलायला आपल्या उपनगरांइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे मरोळची औद्योगिक वसाहत उभी राहिली. 1973 मध्ये तिच्याच शेजारी सीप्झ हे निर्यात क्षेत्र सुरू झाले. तिथे आधी इलेक्ट्रॉनिक्सच्या वस्तू निर्यातीसाठी तयार होत. पुढे हिरे-दागिन्यांचे कारागीर आणि संगणकावर काम करणारी मुले-मुलीही आली. कांदिवलीत आकुर्ली रोडवर वाहने बनली, विक्रोळीत कपाटे आणि कुलुपे बनली. भांडुप-मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर तर एकेकाळी कारखान्यांची रांग होती. आज त्यांतल्या कित्येक जागांवर मॉल आणि टॉवर उभे आहेत. वडील जिथे लेथवर उभे राहिले, त्याच रस्त्यावर मुलगी आज बिलिंग काउंटरवर किंवा हेडफोन लावून बसते. काम बदलले की शिकणे आलेच, आणि इथले काम गेल्या पन्नास वर्षांत सतत बदलत राहिले आहे.

शिकवण्याच्या पद्धतीचा विचारही इथे जुना आहे. 1963 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या साहाय्याने पवईला विहार तलावाजवळ नीटी ही संस्था सुरू झाली. उद्योगातील प्रशिक्षण हेच तिचे मूळ काम होते. 2023 पासून ती आयआयएम मुंबई म्हणून ओळखली जाते. पवईतच आयआयटीमध्ये प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. साधारण दहा मिनिटांची एक चित्रफीत आणि तीत एकच गोष्ट. पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. थोडे पाहायचे, थांबवायचे, स्वतः करून बघायचे, अडले तर मागे जायचे. हे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतात. त्यातली एक शिस्त मला फार मोलाची वाटते. धड्याची संहिता ध्वनिमुद्रणाआधी एखाद्या नवशिक्याकडून तपासून घेतात. ज्याला काही येत नाही, त्याला ती वाचून जमले तरच धडा पुढे जातो. आपल्यापैकी किती कंपन्यांत प्रशिक्षणाचे साहित्य अशा परीक्षेतून जाते?

मित्रहो, छोट्या धड्याचे बळ कुठे आहे, ते मी माझ्या कामातले एक उदाहरण देऊन सांगतो. मी मरोळला सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना चालवतो. नवीन मुलगा आला की त्याला व्हर्निअर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे उपकरण, वाचता येणे ही पहिली गरज. मुख्य पट्टीवर 24 मिलिमीटर पूर्ण झालेत, सरकत्या पट्टीची सतरावी रेघ वरच्या रेघेशी तंतोतंत जुळते. लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारे सर्वांत लहान माप, 0.02 मिलिमीटर, म्हणून सतरा गुणिले 0.02, बरोबर 0.34. माप झाले 24.34. हे पहिल्या दिवशी वर्गात, सुरक्षेचे नियम, हजेरीची पद्धत आणि प्रॉव्हिडंट फंडाचा फॉर्म यांच्या गर्दीत सांगितले, तर चौथ्या दिवशी मशीनपाशी त्यातले काही आठवत नाही. मग आमच्या एका जुन्या टर्नरने स्वतःच्या मोबाइलवर दोन मिनिटांची चित्रफीत केली, एकदा मराठीत, एकदा हिंदीत. तिचा क्यूआर कोड आम्ही तपासणीच्या टेबलावर चिकटवला. मुलगा व्हर्निअर हातात धरूनच ती पाहतो, तीन जॉब मोजतो आणि मापे टर्नरला दाखवतो. टर्नरने मान हलवली की धडा पूर्ण झाला.

यात नवे तंत्रज्ञान थोडे आहे, जुने शहाणपण जास्त आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत नवखी माणसे आली. तेव्हा कारखान्यातल्याच मुकादमांना शिकवायचे कसे ते शिकवले गेले. दोन-दोन तासांच्या पाच बैठका आणि चार पायऱ्या: शिकणाऱ्याची तयारी करा, दाखवा, त्याला करू द्या, नंतर लक्ष ठेवा. सोळा लाखांहून अधिक लोक त्या कार्यक्रमातून गेले. त्याही आधी, 1885 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःच्याच स्मरणशक्तीची मोजदाद केली होती. शिकलेले पहिल्या एक-दोन दिवसांतच झपाट्याने विसरले जाते आणि मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते, हा त्यांचा निष्कर्ष. वर्षातून एकदा दोन दिवस वर्गात बसवण्यापेक्षा गरजेच्या क्षणी पाच मिनिटे का उपयोगी पडतात, याचे उत्तर यात आहे.

कारखान्याबाहेरही हेच दिसते. रात्रपाळीच्या एखाद्या परिचारिकेचा विचार करा. वॉर्डात नवीन इन्फ्युजन पंप आला आहे. पहाटे तीन वाजता अलार्म वाजतो. नळीत हवा आहे की अडथळा, हे तिला त्याच क्षणी कळायला हवे. तिचे प्रशिक्षण मागच्या महिन्यात झाले, अशी नोंद रजिस्टरमध्ये असेलही. त्या नोंदीचा तिला तेव्हा काय उपयोग? पंपावरच तिच्या भाषेतला एका मिनिटाचा धडा असेल, तर उपयोग आहे.

परंतु मागेल तेव्हा मिळणाऱ्या या शिक्षणाची एक बाजू मला काळजीत टाकते आणि ती आपल्यासमोर मांडणे मी माझे कर्तव्य समजतो. धडा मोबाइलवर आला, की तो कामाच्या वेळेतून हळूच बाहेर ढकलला जातो. ‘लोकलमध्ये बघून टाका’, ‘घरी गेल्यावर पूर्ण करा’, असे निरोप येतात. 8:12 च्या बोरिवली लोकलमध्ये दाराशी उभ्या असलेल्या माणसाला मोबाइल खिशातून काढता येत नाही. घरी पोहोचताच स्वयंपाकाला लागणाऱ्या बाईला ती पाच मिनिटेही स्वतःची मिळत नाहीत. कामासाठी लागणारे शिक्षण कामाच्या वेळेत, पगारी वेळेतच झाले पाहिजे. धडा छोटा झाला म्हणून त्याचा वेळ फुकट होत नाही.

दुसरे असे, की छोट्या धड्यांनी कारागीर घडत नाही. डाय बनवणारा हात तयार व्हायला वर्षे लागतात. शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 सालापासून आहे, मुलुंडची आयटीआय आपल्या शेजारी आहे. चित्रफिती आल्या म्हणून उमेदवार घेणे थांबवले, तर दहा वर्षांनी चित्रफीत करायलाही जुना टर्नर उरणार नाही. धोक्याच्या यंत्रावरचे काम तर समोर उभे राहून, हात धरूनच शिकवले पाहिजे.

म्हणून स्वागत समितीची या परिषदेला तीन गोष्टींची विनंती आहे. शिकण्याची मिनिटे ड्युटीत धरली जावीत, आणि कंत्राटी कामगारालाही तो हक्क मिळावा. धडे काम करणाऱ्यांनीच, त्यांच्या भाषेत तयार करावेत आणि ते आधी नवशिक्याने तपासावेत. आणि प्रशिक्षणाचे यश किती जणांनी धडा ‘पूर्ण’ केला यावर मोजू नये. रिजेक्शन किती कमी झाले, अपघात किती टळले, कामगार कुणाला न विचारता काम किती निर्धास्तपणे करू लागला, यावर ते मोजावे. समारोपापूर्वी या तिन्ही गोष्टींचा ठराव व्हावा आणि मालक, व्यवस्थापक आणि संघटना या तिघांनी त्यावर सह्या कराव्यात. माझ्या कारखान्यापुरती सही मी आजच करायला तयार आहे.

  आपल्या चर्चेतून उद्याच्या पाळीला काहीतरी बदल दिसावा, ही सदिच्छा व्यक्त करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!