नव्वद दिवसांचा दाखला

माझे अब्बा गवंडी होते. त्यांनी बांधलेल्या एकाही घराच्या कागदावर त्यांचं नाव नाही, आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही. आजच्या मजुराचं मात्र एका कागदावाचून अडतं.

१९९६ साली कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर घ्यायचा आणि त्यातून मजुराला आजारपणात, अपघातात, मुलांच्या शिक्षणाला मदत द्यायची, असं ठरलं. महाराष्ट्रात त्यासाठी कल्याणकारी मंडळ आहे. पण लाभ मिळतो तो नोंदणी झालेल्यालाच. आणि नोंदणीला लागतो वर्षात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला.

नाक्यावर उभा राहणारा बिगारी आज एका मुकादमाकडे, तर उद्या दुसऱ्याकडे. त्याचे नव्वद दिवस मोजायचे कुणी? सही केली तर आपल्यावर काही येईल, म्हणून ठेकेदार टाळाटाळ करतो. मग एखादा परांचीवरून पडला आणि नोंदच नसली, तर मंडळाची मदत त्याच्या घरी पोचत नाही.

फ्लॅट घेताना आपण बिल्डरला पार्किंग विचारतो, फरशीचा रंग विचारतो. एकदा एवढंही विचारावं : ‘ही इमारत ज्यांनी उभी केली, त्यांना दाखले दिलेत का?’