परदेशी नजर आणि आळसाचा आरोप

(भिवंडीतील यंत्रमाग कामगारांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



भर दुपारी भिवंडीत प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या पाहुण्याला एक दृश्य हमखास दिसते. मागांच्या खडखडाटाने गल्ली हादरत असते आणि त्याच गल्लीत, माळ्यावर, ओट्यावर, सुताच्या पोत्यांच्या आडोशाला तरणेताठे पुरुष गाढ झोपलेले असतात. पाहुणा घाईत असेल तर आपल्या वहीत नोंद करतो : येथील माणूस दिवसाढवळ्या झोपा काढतो. तो आणखी थोडा वेळ थांबला आणि त्याने शेजाऱ्याकडे चौकशी केली, तर त्याला कळेल की हा मनुष्य रात्रभर, बारा तास, मागावर उभा होता. आता त्याच्याच जागी दुसरा मनुष्य उभा आहे आणि संध्याकाळी दोघांची अदलाबदल व्हायची आहे. डोळ्यांना दिसले ते खोटे नव्हते. खोटा होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. परकी माणसे एखाद्या समाजाविषयी जी मते बनवतात, त्यांचा विचार या भेदापासून सुरू करावा लागतो.

या प्रश्नावर सर्वांत बोलके उदाहरण फिलिपाइन्सचे आहे. तीन शतकांहून अधिक काळ त्या बेटांवर स्पेनची सत्ता होती. या काळात स्पॅनिश धर्मगुरूंनी व अधिकाऱ्यांनी जे लिहिले, त्यात एक सूर सतत ऐकू येतो : फिलिपिनो मनुष्य जात्याच आळशी आहे. या आरोपाला होझे रिझाल या फिलिपिनो देशभक्ताने १८९० साली माद्रिदहून निघणाऱ्या ‘ला सोलिदारिदाद’ या नियतकालिकात लेखमाला लिहून उत्तर दिले. त्या उत्तराची रीत अभ्यासण्याजोगी आहे. ‘आमच्यात आळस नाहीच’ असे रिझालने म्हटले नाही. आळस आहे, हे मान्य करून तो कोठून आला, असा प्रश्न त्याने विचारला. स्पॅनिश येण्यापूर्वी हे लोक नावा बांधत होते, शेजारच्या देशांशी व्यापार करीत होते, खाणींतून सोने काढीत होते. नंतर लढाया झाल्या, वेठबिगार आली, व्यापाराचे मक्ते निर्माण झाले. पिकवलेले आपल्या पदरात पडणार नाही, हे ज्याला पक्के ठाऊक झाले, तो पिकवील कशाला? रिझालच्या मते आळस हे दुरवस्थेचे कारण नव्हते, तो तिचा परिणाम होता. उष्ण हवेत पंखा हलवायलाही नोकर ठेवणारा युरोपियन फिलिपिनोला आळशी म्हणतो, ही विसंगतीही त्याने दाखवून दिली. स्पॅनिश सरकारने ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिला येथे रिझालला गोळ्या घातल्या.

त्याच १८९० साली मुंबईत काय घडत होते? गिरण्यांतून कामगार सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत होता. त्याला आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. गावाकडची ओढ, अनियमितपणा, खाडे हे त्याच्या स्वभावातच आहे, अशी मालकवर्गाची कायमची तक्रार असे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा घेऊन साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ज्याला विसावा मिळतच नाही, तो कधीतरी न सांगता विसावा घेणार, आणि मालकाच्या हजेरीपटावर त्याचे नाव ‘खाडा’ असे पडणार. रिझालने लेखणीने जे मांडले, ते लोखंड्यांनी संघटनेच्या बळावर काही अंशी दूर केले. दोघांना एकमेकांची माहिती असण्याचे कारण नव्हते. पण दोघांपुढचा आरोप एकच होता.

१८९८ साली फिलिपिनो क्रांतिकारकांनी स्वातंत्र्य जाहीर केले. परंतु त्याच वर्षअखेर अमेरिकेने दोन कोटी डॉलर्स मोजून ती बेटे स्पेनकडून परस्पर विकत घेतली. विकल्या जाणाऱ्यांना कोणी विचारले नाही. १८९९ साली रुडयार्ड किपलिंगने ‘गोऱ्या माणसाचे ओझे’ ही आपली कविता लिहिली, ती या बेटांचा ताबा घेणाऱ्या अमेरिकेला उद्देशून होती. आपल्याच मुंबईत जन्मलेल्या या कवीने हिंदुस्थानातला साम्राज्याचा अनुभव दुसऱ्या साम्राज्याला असा भेट म्हणून दिला. १९०४ साली सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनात हजारावर फिलिपिनो माणसे बघ्यांसाठी मांडण्यात आली. बेटांवर डॉक्टर होते, वकील होते, छापखाने होते. पण गर्दी जमली ती डोंगरी जमातींच्या झोपड्यांभोवती. जिंकलेला मनुष्य जितका रानटी दिसेल, तितके जिंकणाऱ्याचे राज्य न्याय्य ठरते.

याच परंपरेतून कॅथरीन मेयो ही अमेरिकन लेखिका आली. ‘मदर इंडिया’ची लेखिका म्हणून ती आपल्याकडे परिचित आहे, पण तिचा आधीचा प्रवास फारसा सांगितला जात नाही. १९१७ साली तिने पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या पोलीस दलाचे गुणगान करणारे पुस्तक लिहिले. संपावर गेलेल्या कामगारांविरुद्ध वापरले गेल्यामुळे ज्या दलाला तेथील कामगार ‘कोसॅक’ म्हणत, तेच हे दल. १९२५ साली तिने फिलिपाइन्सवर पुस्तक लिहिले व हे लोक स्वराज्यास अपात्र आहेत, असा निवाडा दिला. स्थिर शासन येताच स्वातंत्र्य देऊ, असे वचन अमेरिकेने १९१६ च्या कायद्याने दिले होते. ते पुढे ढकलू पाहणाऱ्यांना हा निवाडा सोयीचा ठरला. आणि १९२७ साली, सायमन कमिशनची घोषणा होण्याच्या काही महिने आधी, हिंदुस्थानविषयीचे तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले. संपकरी कामगार, फिलिपिनो आणि हिंदी अशी तिच्या विषयांची चढती भाजणी आहे. प्रत्येक वेळी न्यायाधीश तीच आणि लाभ सत्ताधाऱ्याचा.

या पुस्तकाला गांधीजींनी ‘यंग इंडिया’त ‘गटार तपासणाऱ्याचा अहवाल’ म्हटले, हे सर्वांना पाठ असते. त्याच लेखातला दुसरा भाग सोयीस्करपणे विसरला जातो. हे पुस्तक प्रत्येक हिंदी माणसाने वाचण्यासारखे आहे. तिने आरोप ज्या रीतीने मांडले ती रीत नाकारू, पण त्यांतल्या पुष्कळशांच्या मुळाशी असलेले तथ्य नाकारता येणार नाही, असेही गांधीजींनी बजावले होते. बालविवाह मेयोने शोधून काढला नव्हता. पंडिता रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील आपले इंग्रजी पुस्तक १८८७ मध्येच प्रसिद्ध केले होते. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ त्याही आधीची, १८८२ ची. परंतु रमाबाईंनी दुखणे दाखवले आणि पुण्या-मुंबईत येऊन शारदा सदनही उघडले. मेयोने दुखणे दाखवून राज्यकर्त्याच्या हाती दाखला दिला. म्हणून बोलणारा परका की आपला, एवढ्यावर कोणतीही टीका पारखता येत नाही. ती टीका ज्याच्याविषयी आहे त्याचे बळ तिने वाढते की त्याच्या मालकाचे, ही खरी कसोटी होय. १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा झाला, तो येथल्याच सुधारकांच्या व स्त्रियांच्या चळवळीमुळे.

या कसोटीची आणखी एक बाजू आहे. फिलिपाइन्स १९४६ साली स्वतंत्र झाला. १९७४ पासून मार्कोस राजवटीने परदेशी मजूर पाठवण्याचे सरकारी धोरणच आखले. आज जगभरच्या जहाजांवर, आखाती देशांतल्या रुग्णालयांत, हाँगकाँगच्या घरांत फिलिपिनो स्त्रीपुरुष राबत आहेत. आपल्या कोकणातले खलाशीही त्यांच्याच शेजारी उभे असतात. आणि आता मालकमंडळी काय म्हणतात? फिलिपिनो मनुष्य कष्टाळू, हसतमुख, उलट न बोलणारा! बेटांची हवा बदलली नाही, रक्त बदलले नाही. मग शंभर वर्षांत स्वभाव कसा पालटला? पालटली ती मालकाची गरज. पूर्वी वेठ लादायची होती म्हणून तो आळशी होता. आता कमी पगारात दूरदेशी राबवून घ्यायचे आहे म्हणून तो हसतमुख आहे. निंदा आणि स्तुती ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. कामगाराच्या स्वभावाची स्तुती ऐकू आली की त्याच्या मजुरीचा आकडा विचारावा.

आता भिवंडीकडे परत वळू. या गावावर बाहेरच्यांनी एक शिक्का मारून ठेवला आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनंतर ‘भिवंडी’ हा शब्दच दंगलीला पर्याय म्हणून वापरला गेला. परंतु १९८४ नंतर येथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर त्या कामाला पद्धतशीर रूप दिले. आणि १९९२-९३ च्या हिवाळ्यात मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. दंगल पाहायला आलेले लेखक ही शांतता पाहायला तितक्या संख्येने आले नाहीत.

हे सांगताना आपली मान ताठ होते. पण आरसा फिरवून पाहणेही भाग आहे. जुन्या मराठीत उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या माणसाला ‘परदेशी’ म्हणत. ते आडनाव आजही महाराष्ट्रात आढळते. भिवंडीचा माग याच परदेशी माणसाने चालवला. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेकडचे मोमीन विणकर येथे आले; पुढे तेलंगणातले पद्मशाली आले; अलीकडे उत्तर प्रदेश व बिहारमधले तरुण येतात. त्यांच्याविषयी मराठी मध्यमवर्ग काय बोलतो? अस्वच्छ राहतात, गर्दी करतात, कोणाचे नसतात. ही मेयोचीच भाषा आहे. बोलणारा तेवढा बदलला. एका खोलीत पंधरा माणसे पाळीपाळीने झोपतात ती हौस म्हणून नव्हे. मे २०२० मध्ये टाळेबंदीत माग थांबले, मजुरी थांबली, आणि भिवंडीहून गोरखपूरकडे खास गाडी सोडावी लागली. त्या दिवसांत पायी निघालेल्यांना काहींनी बेजबाबदार म्हटले. त्यांच्या खिशात किती दिवसांचे पैसे उरले होते, हे विचारले नाही.

आणि कटू वाटले तरी सांगितले पाहिजे की कार्यकर्त्यांचे अहवालही या दोषापासून मुक्त नाहीत. ‘यंत्रमाग कामगार उदासीन आहे, त्याला गावची ओढ आहे, तो संघटनेत टिकत नाही’ हे वाक्य किती अहवालांत असते! गिरणीमालकांची जुनी तक्रार आणि हे वाक्य यांत अंतर किती? वस्तुस्थिती अशी की येथे एकाच मालकीचे माग कागदावर घरातल्या निरनिराळ्या नावांवर विभागले गेले, म्हणजे कारखाने कायद्याची कामगारसंख्या भरू नये. असंख्य कामगारांचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही. मजुरी विणलेल्या कापडावर. वीज गेली वा सूत संपले की तीही बंद. सभेला तासभर आलेला मनुष्य तासाभराचे कापड गमावतो. अशा माणसाला उदासीन म्हणणे म्हणजे रात्रपाळी करून झोपलेल्याला आळशी म्हणणे होय.

म्हणून यापुढे अहवालात कामगाराच्या स्वभावाविषयी एकही ओळ लिहिण्यापूर्वी चार गोष्टी लिहून आणाव्यात : पाळी किती तासांची, मजुरीचा दर काय, हजेरीपटावर नाव आहे की नाही, आणि महिन्यात माग किती दिवस बंद राहिला. सभा आपल्या सोयीच्या वेळी न घेता पाळी बदलताना, तो जेवतो त्या खानावळीत घ्यावी, आणि त्याच्या भाषेत बोलावे. एवढे करूनही तो आला नाही, तर त्याच्या स्वभावाची चर्चा करायला सवड आहेच. अनुभव असा की तोपर्यंत त्या चर्चेची गरज उरत नाही.