आधी वही, मग पुस्तक

पहिलं पुस्तक लिहू पाहणारे तरुण मला आधी प्रकाशकाचा पत्ता विचारतात. मी त्यांना मारुती चितमपल्ली यांचं उदाहरण देतो. सोलापूरचे चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला आले. गाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. १९९९ पासून ते गोंदियात आहे. तलावाकाठी पक्षी पाहायचे, माधवराव पाटलांसारख्या जाणकारांना विचारायचं, टिपून ठेवायचं, असा त्यांचा क्रम. 'पक्षी जाय दिगंतरा' हे पहिलं पुस्तक आलं, तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास होते. आपल्याकडेही तलाव आहेत, धानाची शेती आहे, कोशाचे माग आहेत. त्यांतले शब्द ज्यांना ठाऊक आहेत, ती माणसं आता थकली आहेत. प्रकाशक पुढेही भेटेल. त्यांच्याकडे मात्र आजच वही घेऊन जा.