शेजारधर्म आणि वस्तीची सुरक्षितता
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



'शहरातील वस्तीची सुरक्षितता' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आम्ही काही पोलीस खात्यातले अधिकारी नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि सारे आयुष्य खडू-फळ्याशी घालविलेले एक निवृत्त शिक्षक आहोत. तरीही आज्ञा स्वीकारली, याचे कारण या विषयाशी आमच्या हातून घडलेली एक चूक निगडित आहे. ती आपल्यासमोर प्रथम मांडतो. मग विचार मांडण्याचा अधिकार आम्हांस आहे की नाही, ते आपणच ठरवावे.

आमचे बालपण आणि तारुण्य गिरगावातील चाळीत गेले. पुढे संसार वाढला, खोली अपुरी पडू लागली आणि आम्ही डोंबिवलीस स्वतःच्या जागेत राहावयास आलो. काही वर्षांपूर्वीची, मे महिन्यातील एका दुपारची गोष्ट. आम्ही भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होतो. वरून दोन तरुण चादरीत गुंडाळलेला दूरदर्शन संच आणि दोन भरलेल्या बॅगा घेऊन उतरत होते. जिना अरुंद, म्हणून आम्ही भिंतीला टेकून त्यांना वाट दिली आणि वर "जरा सांभाळून उतरा हो" असेही म्हणालो. कोणी बिऱ्हाड बदलत असेल, अशी आमची समजूत झाली.

दोन दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरील कुटुंब कोकणातून परत आले, तेव्हा दाराचे कुलूप तुटलेले आणि कपाट रिकामे झालेले होते. चोरांना आम्ही स्वतः वाट करून दिली होती! त्या कुटुंबाचे नाव आम्हांस ठाऊक नव्हते, आणि ते गावी गेल्याचेही ठाऊक नव्हते. त्यांच्या दारात दोन दिवसांची वर्तमानपत्रे आणि दुधाच्या पिशव्या पडून होत्या. जाता-येता आम्ही सर्वांनी त्या पाहिल्या होत्या. त्यांचा अर्थ मात्र फक्त चोरांना कळला.

पण बंधुभगिनींनो, आमची खरी चूक याच्या पुढची आहे. सोसायटीची सभा भरली आणि संशय गेला तो त्या घरी धुणी-भांडी करणाऱ्या बाईवर. "घर बंद आहे हे तिलाच ठाऊक होते," असे कोणी तरी म्हणाले आणि ते सर्वांना पटले. दोन अनोळखी तरुण आम्ही प्रत्यक्ष पाहिले होते. ते आम्ही पोलिसांना सांगितलेही होते. सभेत मात्र, "तिनेच बातमी पुरविली असेल" असे उत्तर मिळाल्यावर आम्ही गप्प बसलो. आठवड्याच्या आत त्या बाईची आमच्या इमारतीतील चारही घरे सुटली. काही महिन्यांनी दुसऱ्याच एका चोरीत ते तरुण सापडले. दाराबाहेर पडलेल्या पिशव्या पाहून ते घरे हेरीत असत. त्या बाईशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आम्ही मुलांना वर्गात शिकविली. आमच्याच जिन्यावर ती प्रत्यक्षात आणली. तिची क्षमा मागावी म्हणून आम्ही व आमच्या सौ. तिचा शोध घेऊ लागलो. पण सात वर्षे आमच्या इमारतीत राबलेल्या त्या बाईचे पूर्ण नाव व पत्ता एकाही घरास ठाऊक नव्हता. ती अद्याप आम्हांस भेटलेली नाही.

या एका घटनेतून आमचे मत बनले ते असे: शहरात जी घरे असुरक्षित असतात, त्यांतली पुष्कळशी कुलपाच्या अभावी नव्हे, तर ओळखीच्या अभावी असुरक्षित असतात. ओळख नसली की चोर पाहुणा वाटतो आणि निरपराध माणूस चोर वाटतो.

चाळीचे आम्ही नसते गोडवे गात नाही. तेथे नळावर भांडणे होत, एका घरातील गोष्ट दुसऱ्या घरात लपत नसे आणि तांब्या-पितळेची भांडीही चोरीस जात. परंतु अनोळखी माणूस जिन्यावर आला की तिसऱ्या पायरीवरच त्याला कोणी तरी विचारी, "कोणाकडे आलात?" हा प्रश्न हेच चाळीचे कुलूप होते. खऱ्या पाहुण्यास त्यामुळे घर लवकर सापडे आणि खोट्या पाहुण्यास परत फिरावे लागे. आज आमच्या इमारतीत सीसीटीव्ही कॅमेरे आहेत. ते असावेतच. पण कॅमेरा पाहतो, विचारीत नाही. आणि त्याने पाहिलेले आपण बहुधा चोरी झाल्यावरच पाहतो.

ओळखीचे बळ केवळ घरफोडीपुरते नाही. भिवंडी शहराचे उदाहरण घ्या. तेथे १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली भीषण दंगली झाल्या. १९८८ साली तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले श्री. सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांनी पोलिसांसह एकत्र बसावे, लहानसहान तंट्यांचा तेथेच निकाल लावावा आणि साध्या शिपायासही वस्तीने नावाने ओळखावे, अशी ही योजना होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता, जवळच असलेली आणि पूर्वी दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली. पुढे १९९४ साली मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. पोलीस दलातील निवृत्त ज्येष्ठ अधिकारी श्री. ज्युलिओ रिबेरो आणि त्या वेळचे पोलीस आयुक्त श्री. सतीश साहनी यांचा तिच्यात पुढाकार होता. अफवा पसरू लागली म्हणजे शेजाऱ्याचे दार ठोठावून खरेखोटे विचारता येणे, हे केवढे मोठे संरक्षण आहे!

आता एक गोष्ट थोडी स्पष्ट बोलतो. राग मानू नये. आपल्या संस्थेच्या नोंदवहीत प्रत्येक कुटुंबाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक आहे. रत्नागिरीकडच्या तिसऱ्या पिढीतील सोयऱ्याचे लग्न कोठे जमले, हे आपणांस ठाऊक असते. परंतु भिंतीपलीकडे कोण राहते, हे ठाऊक नसते. का? तर तो आपल्यातला नाही. मध्यरात्री छातीत कळ आली अथवा दार फोडल्याचा आवाज झाला, तर ज्ञातिबांधव लोकल गाडी पकडून सकाळी येईल. शेजारी अर्ध्या मिनिटात येईल. ज्ञातीची माया सोडा, असे आम्ही म्हणत नाही. संस्थेने आपणांस एकत्र बसण्याची जी सवय लावली, ती आपापल्या जिन्यावर न्या, एवढेच आमचे मागणे आहे.

त्या चोरीनंतर आमच्या इमारतीत काही साधे नियम आम्ही सर्वांनी घालून घेतले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्धा तास गच्चीवर जमावयाचे. गावी जाताना शेजाऱ्यास सांगावयाचे आणि दूध व वर्तमानपत्र बंद करावयाचे. जिन्यावरील दिवा गेला तर ज्याच्या प्रथम लक्षात येईल त्याने तो बदलावयाचा. भाडेकरू ठेवला तर पोलीस ठाण्यास रीतसर कळवावयाचे. घरकाम करणाऱ्या भगिनींचे व पहारेकऱ्याचे पूर्ण नाव व पत्ता वहीत लिहावयाचा. संशयासाठी नव्हे, तर त्यांच्यावर वेळ आली असता आपण त्यांच्या बाजूने उभे राहावे म्हणून. आणि अनोळखी माणसास सौजन्याने विचारावयाचे, "कोणाकडे आलात?" त्याची भाषा, कपडे अथवा गरिबी पाहून नव्हे, सर्वांस सारखेच.

कोणी चोर सापडलाच तर त्यास मारहाण करू नये. मारहाण हा स्वतःच गुन्हा आहे. ११२ या क्रमांकावर कळवून त्यास पोलिसांच्या स्वाधीन करावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. 'आमची हद्द नव्हे' हे उत्तर ऐकून परत फिरण्याचे कारण नाही.

आजकालचा चोर जिनाही चढत नाही. तो दूरध्वनीवरून येतो. आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांस पोलिसाचा वेष केलेल्या माणसाने चलचित्र दूरध्वनीवरून दरडावले, "तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे. दार उघडू नका, कोणाशी बोलू नका." वस्तुतः अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. तेवढ्यात शेजारीण वाटीभर खीर घेऊन आली. तिने घंटा वाजविली, उत्तर मिळेना म्हणून पुन्हा वाजविली, आणि आमच्या स्नेह्यांची आयुष्याची पुंजी वाचली. लक्षात घ्या, त्या भामट्याचा पहिला हुकूम 'शेजाऱ्याशी बोलू नका' हाच होता. आपले बळ कशात आहे, हे त्यास आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होते! असे पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम रोखली जाण्याची आशा अधिक.

शेवटी एक लहानसा गृहपाठ देतो; शिक्षकाची सवय जात नाही. पुढील संमेलनापूर्वी प्रत्येकाने आपल्या जिन्यावरील प्रत्येक बिऱ्हाडाचे नाव जाणून घ्यावे आणि आपल्या घरी काम करणाऱ्या बाईस तिचे पूर्ण नाव विचारावे. आम्ही ते वेळेवर विचारले नाही. त्याचे शल्य आम्हांस जन्मभर राहील. ते आपणांपैकी कोणाच्याही वाट्यास न येवो, हीच प्रार्थना.