जुन्या ध्वनिवर्धकाची घुरघुर

शाळेच्या अडगळीच्या खोलीत पुष्कळदा एखादा व्हॉल्व्हचा जुना ध्वनिवर्धक धूळ खात पडलेला असतो. कोणी हौशी गुरुजी तो बाहेर काढतात, पुसतात, नवे कंडेन्सर बसवतात. बटण दाबताच व्हॉल्व्हच्या काचेत तांबूस उजेड दिसतो आणि मुले टाळ्या पिटतात. पण मायक्रोफोन जोडावा, तो प्रार्थनेच्या आधी कर्ण्यातून ‘घूंऽऽ’ असा आवाज सुरू! ही घुरघुर येते कोठून आणि तिचे मूळ कसे शोधावे, हे आज पाहू.

आपण माइकसमोर बोलतो तेव्हा त्यातून निघणारा विजेचा दाब एक-दोन मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग, एवढाच असतो. तो प्रथम वाढवतो तो पहिला वर्धक. यालाच प्रीअँप्लिफायर म्हणतात. येथे शिरलेला कणभर गोंगाट पुढच्या प्रत्येक पायरीवर वाढत जातो. उगमापाशीच पाणी गढूळ झाले, तर खाली कितीही गाळले तरी काय उपयोग? म्हणून संशय घ्यायचा तो आधी पहिल्या वर्धकाचा.

पेटी उघडण्यापूर्वी एक इशारा. आत २५० ते ३०० व्होल्टचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहतो. रोधकातून तो उतरवून मीटरने खात्री केल्याशिवाय आत बोट घालू नये. ज्याला याची सवय नाही त्याने जाणत्या कारागिराला बोलवावे. त्यात कमीपणा नाही.

आता शोधाची रीत. आधी आवाजाची कळ पूर्ण खाली करा. घुरघुर तशीच राहिली, तर दोष कळीच्या पुढच्या भागात किंवा वीजपुरवठ्यात आहे. ती कमी झाली, तर दोष कळीच्या अलीकडे, पहिल्या वर्धकात किंवा माइकमध्ये. मग माइकची तार काढून तेथे दोन्ही टोके आतल्या आत जोडलेला प्लग घाला. आवाज थांबला तर माइक आणि त्याची तार तपासा. थांबला नाही तर दोष पेटीतच. दोन मिनिटांच्या या परीक्षेने निम्मे काम होते.

यानंतर कानाला विचारा. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. खर्जातली खोल घूं असेल, तर ती बहुधा व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेतून, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारून किंवा माइकच्या तारेचे जाळीचे वेष्टण तुटल्यामुळे आत शिरलेली असते. त्याच्या एक सप्तक वरचा, म्हणजे १०० आवर्तनांचा सूर असेल, तर वीजपुरवठ्यातील मोठे कंडेन्सर वाळले असे समजावे. कळ फिरवताना खरखर होत असेल, तर अलीकडच्या कंडेन्सरमधून वीज गळत असेल किंवा कळच मळली असेल. मधूनच तडतड होत असेल, तर कच्चा डाख, मळकट व्हॉल्व्हची बैठक किंवा जुना कार्बनचा रोधक तपासा. पहिल्या व्हॉल्व्हच्या काचेवर लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. कर्ण्यातून घंटेसारखा नाद आला, तर तो व्हॉल्व्ह बदलावा.

राहिली ती बारीक ‘सूंऽऽ’. ती पूर्ण जाणारच नाही. वाहकातील इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत हलत असतात, त्यांचाच हा आवाज. जॉन्सन यांनी तो मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले; ते निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. निसर्गाच्या या आवाजाशी भांडू नये.

आता माझी फजिती सांगतो. असाच एक जुना संच मी दुरुस्त केला. पहिला वर्धक एका पेटीत, मोठा वर्धक दुसऱ्या पेटीत. सगळे कंडेन्सर बदलले, तरी घूं जाईना. कोणी सुचवले, ‘अर्थिंगची तार सोडा.’ मी सोडली, आणि काय आश्चर्य, कर्णा एकदम शांत! मी खूष झालो. पण सहज टेस्टर माइकच्या धातूला लावला, तो दिवा लागला. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून वीज गळत होती, आणि तिला जमिनीत जाण्याची वाट मीच तोडली होती. दुसऱ्या दिवशी तोच माइक एक मुलगी प्रार्थनेसाठी हातात धरणार होती!

खरा दोष वेगळाच होता. दोन्ही पेट्यांचे अर्थिंग दोन खोल्यांतल्या दोन ठिकाणी, आणि मधल्या तारेने त्यांचे एक वेटोळे झालेले. त्या वेटोळ्यात ५० आवर्तनांचा प्रवाह फिरत होता. मी गळका ट्रान्सफॉर्मर बदलला, दोन्ही अर्थिंग पुन्हा जोडली, दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावले आणि मधल्या तारेत एक लहान ध्वनी-ट्रान्सफॉर्मर घातला. घूं गेली, आणि माइक निर्धोक झाला.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ऐका. सगळेच बदलले, तर दोष कोणता होता हे कधीच कळत नाही. आणि आवाज थांबला म्हणजे दोष गेला, असे मानू नका. अर्थिंगची तार तर कदापि तोडू नका. घुरघुर सहन करता येते. विजेचा झटका करता येत नाही.